सात वाजताचा फोन: बडोद्याहून स्टुटगार्टला गेलेल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२४ मध्ये दांडिया बाजारातल्या एक आजी माझ्याकडे आल्या. सोबत मूल नव्हतं. मुलांच्या बोलण्याच्या तक्रारी घेऊन लोक येतात तेव्हा मूल मांडीवर असतं नाहीतर पदराआड लपलेलं असतं, म्हणून मी विचारलं, "नातू कुठाय काकू?" त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

"इथे आहे. रोज दिसतो, पण बोलत नाही. पूर्वी माझं डोकं खायचा, आता माझ्याकडे बघतो आणि मान खाली घालतो. अहो ताई, तिकडे जाऊन त्याची वाचा बसली."

नातू तेव्हा साडेचार वर्षांचा होता आणि जर्मनीत जाऊन त्याला नऊ महिने झाले होते. पुढची जवळपास दोन वर्षं मी या घराबरोबर होते, बहुतेक वेळा पडद्यावरून आणि एकदा प्रत्यक्ष, ते बडोद्याला आले तेव्हा. आईवडिलांनी हे लिखाण वाचून छापायला होकार दिला आहे. नावं दिलेली नाहीत. मुलांना मी मोठी आणि धाकटा म्हणते, कारण आजीच्या तोंडी तेच असतं.

घर

हे घर चार पिढ्या बडोद्यात आहे. पणजोबा संस्थानच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आजी मराठी शाळेत शिकल्या, वडील गुजराती माध्यमात, मोठी इंग्रजी शाळेत. आजी भाजीवालीशी गुजरातीत बोलतात, बँकेत हिंदीत आणि देवाशी मराठीत. धाकटा निघण्यापूर्वी कसा बोलायचा ते आजींनी फोनमधल्या चित्रफितींतून दाखवलं. "बाबा, मला पतंग चगवायचाय, तुम्ही फिरकी पकडा." पुण्याच्या पाहुण्यांना हे 'चगवणं', म्हणजे उडवणं, कानाला वेगळं लागतं. आमच्याकडे ते घरचं बोलणं आहे. साडेतीन वर्षांचं पोर एका दमात सात शब्दांचं वाक्य बोलतंय, बापाला कामाला लावतंय. त्याच्या भाषेत कसलीही उणीव मला दिसली नाही. या मुलाची बोलण्याची वाढ निघताना उत्तम होती, हे प्रकरणाच्या सुरुवातीलाच माहीत असणं फार मोलाचं ठरलं.

वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे आराखडे करायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, स्टुटगार्टला गेले. एप्रिल २०२३ मध्ये आई दोन्ही मुलांना घेऊन पोचली. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे आई भाषा न शिकताच गेली. इथे ती एका फर्ममध्ये हिशेब बघायची, महिन्याचा पगार आणायची. तिकडे पहिल्या आठवड्यात तिला दूध आणि ताक यांच्या डब्यांतला फरक ओळखता आला नाही. ही गोष्ट तिने मला खूप नंतर सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज बदलला होता.

सुरुवातीच्या धावपळीबद्दल थोडक्यात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते. २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय बालवाडीत, म्हणजे तिथल्या 'कीटा'त, मूल घेत नाहीत. २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला कीटाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण जागा कमी आणि मुलं जास्त. त्यामुळे मोठी सात वर्षांची असल्याने ईस्टरच्या सुट्टीनंतर लगेच शाळेच्या तयारी वर्गात बसली, आणि धाकटा सप्टेंबरपर्यंत आईबरोबर घरी राहिला.

कीटाच्या अर्जात एक रकाना होता: घरी कोणती भाषा बोलता? वडिलांनी 'इंग्रजी' लिहिलं. मराठी तिथे कुणाला ठाऊक असणार, असा त्यांचा सरळ विचार होता. तो रकाना पुढे किती महागात पडला ते येईलच.

गप्प

कीटात मूल रुळवण्याची तिथली पद्धत मला मनापासून आवडते. पहिले दोन-तीन दिवस आई किंवा बाप वर्गातच एका कोपऱ्यात बसतो, चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन बघतो, मूल सावरलं तरच वेळ वाढवतात. आपल्याकडे फाटकातच रडतं पोर बाईंच्या हातात देऊन पाठ फिरवायची आणि "दोन दिवसांत गप्प होईल" म्हणायचं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. धाकट्याची आई दोन आठवडे वर्गात बसली. तो रडला नाही, त्याने हट्टही केला नाही. फक्त तो बोललाही नाही.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरमध्ये संत मार्टिनच्या दिवसासाठी सगळ्या मुलांनी कागदी कंदील केले आणि अंधार पडल्यावर गाणी म्हणत रस्त्याने फिरले. त्या वर्षी कीटाची ही मिरवणूक नेमकी धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला आली. आईने फोटो पाठवला आहे. सगळ्यांची तोंडं गाण्यात उघडी आहेत आणि धाकटा ओठ मिटून स्वतःच्या कंदिलाकडे बघतोय. डिसेंबरमध्ये तिथल्या शिक्षिकेने आईवडिलांना बोलावलं. तीन महिन्यांत एकही शब्द नाही, लघवी लागली तरी सांगत नाही, मुलांच्या जवळ बसतो पण त्यांच्यात मिसळत नाही, एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, असं ती म्हणाली. बाई चांगल्या होत्या. तो अडला की त्या त्याच्याशी मुद्दाम इंग्रजीत बोलायच्या, कारण अर्जात इंग्रजी लिहिलं होतं. धाकट्याला इंग्रजी येत नव्हतं. रंगांची नावं आणि 'थँक्यू', एवढंच. तीन महिने ते मूल दोन अनोळखी भाषांच्या मध्ये उभं होतं, आणि मोठ्यांना वाटत होतं की आपण त्याला त्याच्या भाषेत धीर देतोय.

नव्या भाषेत टाकलेलं मूल काही काळ गप्प राहतं, ते स्वाभाविक आहे. ते ऐकत असतं, साठवत असतं. कुणाचे काही आठवडे जातात, कुणाचे सहा महिने आणि त्याहून जास्तही. 'निवडक मौन' नावाचा एक चिंतेचा विकार आहे खरा, त्यात मूल घरी भरपूर बोलतं आणि बाहेर अजिबात बोलत नाही. पण त्याच्या व्याख्येतच म्हटलेलं आहे की तिथली भाषा न येणं हे कारण असेल तर तो विकार समजायचा नाही. म्हणून कीटातल्या गप्प बसण्याने मी फारशी हलले नाही. मला हलवलं ते आजींच्या वाक्याने. हे मूल आजीशीसुद्धा बोलेनासं झालं होतं. जिथे भाषेची काहीच अडचण नव्हती, तिथेही.

आईची वही

आईशी पहिल्यांदा बोलले तेव्हा ती घाईघाईने म्हणाली, "ताई, आम्ही घरात आता मराठी पूर्ण बंद केलीय, तरीसुद्धा त्याचं जर्मन सुरू होत नाही." तिकडच्या ओळखीच्या एका भारतीय कुटुंबाने सांगितलं होतं की घरात मराठी बोलाल तर मुलं मागे पडतील. ऑक्टोबरपासून घराचा नियम झाला: मुलांशी जर्मन, अडलं तर इंग्रजी. आईची तेव्हा जर्मनची पहिली पायरी जेमतेम पूर्ण झाली होती.

मी तिला रागावले नाही. तिने हे पोटच्या पोरांच्या भल्यासाठी केलं होतं, आणि स्वतःची जीभ बांधून केलं होतं. मी एकच काम दिलं. सात दिवस, संध्याकाळी साडेपाचपासून जेवण होईपर्यंत, धाकट्याशी घरातलं कुणीही जे बोलेल ते जसंच्या तसं वहीत लिहायचं.

वहीचे फोटो आले. बुधवारचं पान माझ्यासमोर आहे. एकूण ४१ वाक्यं. त्यातली ३४ हुकूम आहेत. कोम. शुए आउस. हेंडे वाशन. झेट्स डिश. ये, बूट काढ, हात धू, बस. उरलेल्या सातांत तीनदा 'नाइन' म्हणजे नाही, दोनदा 'गुट' म्हणजे छान आणि दोनदा त्याचं नाव. सातही दिवसांची पानं अशीच. त्या भाषेत आईकडे एवढंच होतं. तिला त्याची समजूत घालता येत नव्हती, त्याला खोटं खोटं रागवता येत नव्हतं, 'एक घास चिऊचा' म्हणता येत नव्हतं, रस्त्यात दिसलेल्या कुत्र्याची गंमत फुगवून सांगता येत नव्हती. अक्षरं फुटण्याच्या वयात मुलाच्या कानावर पडणारी आई अचानक फक्त सूचना देणारी बाई झाली होती. अशा आईला काय उत्तर देणार? 'बूट काढ'चं उत्तर बूट काढणं हेच आहे. त्याला बोलण्याची गरजच उरली नव्हती.

मी हुकूम मोजत होते आणि त्या नादात शुक्रवारच्या पानाच्या समासातली ओळ मी दोनदा वाचूनही सोडून दिली होती. तिसऱ्यांदा दिसली. आईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "रात्री २ ला रडत उठला. मी झोपेत होते, चुकून मराठीत बोलले, काय झालं रे माझ्या राजा. तो म्हणाला, कानात पाणी वाजतंय."

पाच महिन्यांतलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

तपासणीच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली होती. जर्मनीत मुलांच्या ठरलेल्या वयांना ठरलेल्या तपासण्या असतात. आठवी साधारण ४६ ते ४८ महिन्यांच्या वयात, आणि तिच्यात कानांची चाचणी असते. धाकटा ४६ महिन्यांचा झाला त्याच महिन्यात ते विमानातून उतरले होते, त्या गडबडीत ती हुकली. मी आईला कळवलं, बाकी सगळं बाजूला ठेव, आधी कान. फेब्रुवारीत चाचणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यामागे द्रव साठला होता आणि ऐकणं साधारण ३० डेसिबलने कमी झालं होतं.

या वयाच्या मुलांत हे फार आढळतं, विशेषतः थंडीत आणि सर्दी-पडसं एकमेकांना देणाऱ्या बालवाडीत. मूल बहिरं होत नाही. पण कानात बोळे घालून ऐकल्यासारखं होतं. सवयीच्या भाषेत निम्मा शब्द ऐकू आला तरी उरलेला निम्मा मन भरून काढतं, कारण तो शब्द आधीच ओळखीचा असतो. 'पा...' ऐकलं आणि समोर पेला असला की 'पाणी' कळतं. अनोळखी भाषेत भरून काढायला आत काहीच नसतं. घरातली मराठी चालू असती तर आईच्या लक्षात आलं असतं की हा 'काय?' 'काय?' जास्त करतोय. जर्मनमध्ये न कळणं आणि ऐकू न येणं सारखंच दिसतं.

डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रियेची घाई केली नाही. असा द्रव बऱ्याच मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून वाट बघून पुन्हा तपासायचं ठरलं. मे महिन्यात दोन्ही कान साफ होते.

आजोळ नसलेल्या गावात आजी

कानांचं कारण सापडल्यावर वडील म्हणाले, "म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हताच ना ताई?" होता. कान साफ होईपर्यंतही आणि झाल्यावरही हे मूल बोलायला लागणार होतं ते कुणाशी आणि कशात, हा प्रश्न होताच. मी घरात मराठी परत आणायला सांगितलं तेव्हा त्यांचा जीव कासावीस झाला. शाळा दीड वर्षावर आली, मग जर्मन कधी येणार?

मी त्यांना अभ्यासांतलं जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत की नव्या भाषेत खेळण्यापुरतं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, पण त्या भाषेत विचार करून अभ्यास करायला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिल्या भाषेतली समज दुसरीला आधार देते. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातल्या जवळपास १९०० कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. घरात दुसरी भाषा असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलं ती बोलत नव्हती, आणि आईबाप दोघंही घरी ती भाषा बोलत तिथे ती टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती. शाळेची भाषा मात्र मुलांना येतच होती.

वडिलांनी ऐकून घेतलं, पण पटल्याचं दिसेना. पटवलं त्यांच्या आईने. पडद्यावर मी, ते आणि आजी असे तिघं होतो. आजी म्हणाल्या, "तुला गुजराती कोणी शिकवली रे?"

"कोणी नाही. गल्लीत क्रिकेट खेळताना आली."

"मी घरात एक शब्द तरी गुजराती बोलले का तुझ्याशी?"

ते हसले. मला तेव्हा आणखी एक आठवलं, आणि मी ते त्यांना सांगितलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्याला आणला गेला. तोवर त्याचं शिक्षण झालेलं नव्हतं. त्याच मुलाने, सयाजीराव तिसऱ्यांनी, पुढे चार भाषांत शिक्षण घेतलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. सयाजीबागेत सुट्टी काढलेल्या प्रत्येक बडोदेकराला ही गोष्ट ठाऊक असते. आपल्या घराला लागू करायचं मात्र सुचत नाही.

मराठी एका दिवसात परत आणली नाही. आधी फक्त अंघोळ आणि झोप. मग जेवण. आजींच्या फोनचं जास्त अवघड होतं. त्यांचा फोन संध्याकाळी जायचा, आणि त्यात परीक्षा असायची. काय शिकलास, बोल ना, आजीला जर्मनमध्ये म्हणून दाखव. मूल मान खाली घालणार नाही तर काय करेल? मी दोन गोष्टी बदलल्या. वेळ, आणि प्रश्न. हिवाळ्यात तिथे सकाळचे सात म्हणजे इथे साडेअकरा. आजी त्या वेळी स्वयंपाकघरात असतात. फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि आपलं काम करत राहायचं. बोलायचं असेल तर स्वतःशी बोलल्यासारखं, पण नातवाला एकही प्रश्न विचारायचा नाही. आजी म्हणाल्या, "अहो, नातवाला जेवलास का एवढंसुद्धा नाही?" मी म्हटलं, नाही काकू. त्यांना ते किती जड गेलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं आहे.

नऊ दिवस तो दूध पीत नुसता बघत होता. दहाव्या दिवशी आजी मेथी निवडत होत्या. पाच-सहा काड्या झाल्या. पडद्यातून आवाज आला, "आजी, मूळ राहिलं."

आजींनी काडी उलटी करून बघितली. मूळ राहिलंच होतं. त्यांनी ते खुडलं, "हो रे बाबा, राहिलंच की," म्हणाल्या आणि पुढची काडी घेतली. त्यांना सांगितलं होतं तसंच. फोन बंद झाल्यावर त्यांनी मला फोन केला, आणि पाच मिनिटं त्यांना बोलता येत नव्हतं.

मार्च अखेरीला तिथली घड्याळं एक तास पुढे गेली, फोन साडेदहावर आला. आजींनी देवपूजा लवकर करायला सुरुवात केली. तो फोन आजही चालू आहे.

कीटालाही कळवलं की घरची भाषा मराठी आहे. शिक्षिकेने लगेच शब्द मागितले. आईने रोमन लिपीत सात शब्दांचं एक कार्ड करून दिलं: पाणी, शू, थंडी, दुखतंय, भूक, नको, आणि 'आई येणार'. तो रडवेला झाला की त्या बाई जपून, तोलून म्हणायच्या, "आई येणार." शेवटचा 'र' त्यांच्या घशात घोळायचा. पण त्याला कळायचं.

मोठी

या प्रकरणात माझी सगळ्यात मोठी चूक मोठीच्या बाबतीत झाली. ती छान चालली होती, म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही. सहा महिन्यांत तिचं जर्मन वाहतं झालं होतं. घरमालकाचं पत्र आलं की तिला हाक. दुकानात वस्तू परत करायची, तिला हाक. आईबाप तिचं कौतुक करायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मार्चमध्ये एका बोलण्याच्या शेवटी आई चहा आणायला उठली. मोठी पडद्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी चुकीचं सांगितलं तर काय होतं?"

हळूहळू कळलं. भावाच्या कानांच्या तपासणीला बाबांना सुट्टी मिळाली नव्हती आणि दुभाषी म्हणून तीच गेली होती. वय आठ. डॉक्टर म्हणाले त्यातला 'ऑपरेशन' शब्द तिला कळला, त्याच्या आगेमागे काय होतं ते पूर्ण कळलं नाही. तिने आईला सांगितलं, आत्ता नाही करायचं. खरं तेच होतं. पण आपल्याला नीट कळलं नसेल, खरं तर करायचं असेल आणि आपल्यामुळे राहून जाईल, या भीतीने ती तीन आठवडे झोपत नव्हती. कुणाला सांगणार? घरात जर्मन सगळ्यात जास्त तिलाच येत होतं. तिची चूक शोधून काढणारं कुणी तिच्या वर नव्हतं.

त्या दिवसानंतर एक नियम झाला. डॉक्टर, घरभाडं, कचेऱ्या, पैसे ही कामं मोठ्यांची. जमलं तर बाबा रजा काढतील, नाहीतर आई मोडकंतोडकं बोलेल, लिहून मागेल, भेटीची तारीख पुढे ढकलेल, पण मोठीला नेणार नाही. आईने संध्याकाळचा भाषेचा वर्ग पुन्हा सुरू केला आणि २०२५ मध्ये ती तिसऱ्या पायरीची परीक्षा पास झाली. मला वाटतं या घरात मुलांसाठी झालेला सगळ्यात मोठा उपचार तो होता. आई पुन्हा मोठी माणूस झाली.

मोठी मात्र मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देते. ट्राममध्ये आईने मराठीत हाक मारली तर खिडकीकडे बघते. यावर माझ्याकडे झटपट काही नाही. आईला मी एवढंच सांगितलं आहे की तू मराठीतच बोलत राहा आणि तिला उत्तराच्या भाषेवरून टोकू नकोस. देवनागरी वाचायला तिला अजून नीट येत नाही. रविवारी वडील तिच्याबरोबर अर्धा तास बसतात. कधी होतं, कधी राहतं.

पतंग

धाकट्याच्या गटात युक्रेनहून आलेला एक मुलगा होता, त्यालाही जर्मन येत नव्हतं. दोघांनी जून २०२४ मध्ये गाड्यांच्या आवाजात खेळायला सुरुवात केली. त्यातून दोघांचे पहिले जर्मन शब्द आले: माझा, तुझा, परत, पुन्हा.

तिकडे पतंगाचा हंगाम शरद ऋतूत असतो. ऑक्टोबरमध्ये शिक्षिका मुलांना टेकडीवरच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेल्या. त्या पतंगांना मांजा नसतो, काटाकाटी नसते. शेपटीचे मोठे रंगीत पतंग आणि प्लास्टिकच्या मुठीला गुंडाळलेली जाड दोरी. मित्राचा पतंग वाऱ्याने एका बाजूला ओढला जाऊ लागला आणि तो घाबरून दोरी आणखी खेचत होता. धाकटा लांबून पळत आला आणि सगळ्या वर्गासमोर ओरडला, "अरे ढील दे! ढील दे!" आणि स्वतःच मूठ हातात घेऊन दोरी सोडली. पतंग सावरला. शिक्षिकेने घरी पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की आज त्याचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला, मोठा आहे, आणि 'डील डे' म्हणजे काय? त्यानंतर मुलं आपापले पतंग त्याच्याकडे आणू लागली, आणि त्याला त्यांना सांगावं लागलं. लांगझाम. हळू. नोख निश्ट. अजून नाही. पुढच्या आठवड्यात तो वर्गात आत परत गप्प होता. हे असं मागेपुढे दिवाळीपर्यंत चाललं.

जानेवारी २०२५ मध्ये ते उत्तरायणाला बडोद्याला आले. माझ्या खोलीत त्याने मला तासभर ट्रामच्या मार्गांबद्दल सांगितलं, मराठीत, मध्ये मध्ये जर्मन शब्द घालून. चाचण्यांत त्याची मराठी वयाला साजेशी निघाली. पण १४ तारखेला गच्चीवर एक गोष्ट घडली ती आजींनी दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, फोन करून सांगितली. शेजारचा, त्याच्याबरोबर लहानपणी खेळलेला मुलगा त्याच्याशी गुजरातीत बोलत होता आणि याला काहीच कळत नव्हतं. दोन वर्षांत गुजराती पार पुसली गेली होती. ती घरात नव्हतीच, गल्लीत होती, आणि गल्ली मागे राहिली. मला याचं वाईट वाटलं. आम्ही तिचा विचारच केला नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये तो पहिलीत गेला. त्या दिवशी तिथे मुलांना मोठा पुठ्ठ्याचा शंकू देतात, खाऊ आणि वह्या-पेन्सिलींनी भरलेला. आजी तीन महिन्यांच्या व्हिसावर गेल्या होत्या. शंकूत तळाला त्यांनी बडोद्याहून नेलेली चिक्की होती. वर्गात तो हळू बोलतो, लांब वाक्यं टाळतो, जर्मन लिहिताना अडतो. शाळेने आठवड्यातून काही तास भाषेचा जादा वर्ग दिला आहे. वर्षभराने पुन्हा बघायचं ठरलं आहे.

शाळेच्या अर्जातही तो रकाना होता: घरी कोणती भाषा बोलता? वडिलांनी मला त्या पानाचा फोटो पाठवला. त्यांनी 'मराठी' लिहिलं होतं. त्याच्या पुढे, वेगळ्या शाईत आणि गोल अक्षरात, 'आणि जर्मन' असं होतं. ते मोठीने लिहिलं होतं, बाबांकडून पेन मागून घेऊन.